एक इंच पुरे

चैत्र सरत आला की आमच्या घराची पश्चिमेची भिंत तापायला लागते. दुपार कलली की सूर्य माथेरानच्या डोंगराकडे झुकतो, आणि तिथून दिवेलागणीपर्यंत त्याला आमच्या घराशिवाय दुसरं काही दिसतच नाही. कर्जतहून कामावरून आले की मी पायातली चप्पल काढायच्या आधी त्या भिंतीला हात लावून बघते. सवयच लागली आहे. काल लावला. आतून, आईच्या खाटेच्या बाजूनं. फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या भाकरीसारखी ऊब होती तिला. म्हणजे यंदाही उन्हाळा आला.

येताना वाटेत राब भाजल्याचा वास होता. अलीकडे राब भाजणारेही मोजकेच राहिले, पण कोंडाणे गावाच्या बाजूला दोन-तीन खाचरांत अजून पालापाचोळा पेटवतात, आणि तो धूर संध्याकाळी खाली उतरून रस्त्यावर पसरतो. हा वास आला की मला लहानपणी आनंद व्हायचा. शाळेला सुट्टी, करवंदं, काळे झालेले ओठ, आणि नदीवर दिवसभर डुंबणं. आमच्या पेज नदीला भर उन्हाळ्यात पाणी असतं. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिला येऊन मिळतं, त्यामुळे विहिरींचा तळ दिसायला लागला तरी नदी वाहत राहते. माझे वडील त्या वीजघरात होते. दादा आणि मी त्या पाण्याला ‘बाबांचं पाणी’ म्हणायचो.

आता राबाचा वास आला की मला दोन उन्हाळ्यांपूर्वीचा तो एकच उन्हाळा आठवतो. बाकीचे सगळे पुसून गेल्यासारखे झालेत.

त्या उन्हाळ्याची सुरुवात खरं तर त्याआधीच्या पावसाळ्यानंतर झाली होती. आमच्या घराच्या पश्चिमेला शेजारच्या काकांची वाडी होती. रायवळ आंबे, दोन फणस, कुंपणाला लागून जांभळांची रांग. काका गेले, मुलांनी वाडी विकली. घेणाऱ्याला तिथं बंगले बांधायचे होते, शनिवार-रविवार राहायला येणाऱ्यांसाठी. दिवाळी झाली आणि झाडं पडायला सुरुवात झाली. करवतीचा आवाज दिवसभर चालायचा. आई मागच्या दारात उभी राहून बघायची. मोठा फणस पडला तेव्हा आमच्या घरातली भांडी वाजली. ती म्हणाली, “आपली सावली गेली गं.” मला तेव्हा त्यात नुसती हळहळ ऐकू आली. ती अगदी नेमकं सांगत होती.

कारण आईची खोली म्हणजे मुळात पश्चिमेची पडवी. बाबांनी घर बांधलं तेव्हा बाकीच्या भिंती नऊ इंची घातल्या. पडवी नंतर बंद करून तिची खोली केली, तेव्हा गवंड्यानं विचारलं, इथंही नऊ इंची घालू का? बाबा म्हणाले, “हिकडं सावलीच हाय. चार इंची बास झाली.” आईनं ही गोष्ट मला कितीदा तरी सांगितली आहे. बाबांनी भिंतीची जाडी ठरवली ती दुसऱ्याच्या झाडांकडे बघून. त्यांच्या हयातीत ते चुकलं नाही. झाडं काय, काका काय, सगळं कायमचं आहे असं समजून माणसं भिंती बांधतात, आणि बाबांचा तर माणसांवर भारी विश्वास.

झाडांच्या जागी पांढरा बंगला उभा राहिला. त्याला आमच्या बाजूनं जमिनीपासून वरपर्यंत काचा. सकाळी ऊन त्या काचांवर पडून उलटं आमच्या भिंतीवर यायचं आणि दुपारनंतर सरळ यायचं. म्हणजे ज्या भिंतीनं चाळीस वर्षांत कधी ऊन पाहिलं नव्हतं ती आता दिवसातून दोनदा भाजायला लागली. बंगल्यात माणूस नसायचा. पोहण्याचा तलाव होता, त्यात पाणी मात्र सदा भरलेलं.

त्या वैशाखात एक दिवस मी कामावरून आले तर आई खाटेवर आडवी होती. हाक मारली तर तिनं माझ्याकडे बघितलं, पण ओळख लागायला वेळ लागला. काहीतरी बोलली ते मला कळलं नाही. अंगाला हात लावला तर अंग कोरडं आणि कढत. मी कर्जतला एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करते. त्या दिवसांत असे लोक रोज येत होते, वीटभट्टीवरचे, रस्त्याच्या कामावरचे. मला कळायला काही शिकावं लागलं नाही. ओल्या चादरीत गुंडाळून, शेजारच्या रिक्षात घालून तिला नेलं. वाटेत तिच्या तोंडावर पाणी मारत होते आणि ती मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारत होती.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले, “या वयात शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. पुन्हा असं झालं तर सांगता येणार नाही. खोली थंड ठेवा.”

सांगायला सोपं. कूलर आणला, तर त्याच्या दमट वाऱ्यानं तिला खोकला लागला. एसीचा विचार केला, पण आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाइट असली तर असते, आणि असली तरी पंखासुद्धा रांगत फिरतो. खोली बदलायला ती तयार नव्हती. न्हाणी तिच्या खोलीला लागून आहे आणि तिला सारखं उठावं लागतं. वरून ऊन फारसं येत नव्हतं. वर माळा आहे, माळ्यावर कौलं. येत होतं ते भिंतीतून. दुपार टळून गेली, सूर्य डोंगराआड गेला, आम्ही जेवायला बसलो तरी ती भिंत दिवसभराचं साठवलेलं आत सोडत बसायची.

दवाखान्यातल्या एका बाईंनी निलेशचा नंबर दिला. निलेश खोपोलीच्या शिळफाट्याचा. फार्महाउसच्या भिंतींना आणि छतांना उष्णता अडवणारे थर लावून द्यायचं काम करतो. एका संध्याकाळी तो मोटरसायकलवरून आला आणि पिशवीतून नमुने काढून आईच्या खाटेवर ओळीनं मांडले. निळ्या रंगाच्या, कडक फेसासारख्या पाट्या. एक इंचाची, दोन इंचाची, तीन इंचाची. आईनं एकेक उचलून बघितली.

“ह्याला काय वजनच नाय रं,” ती म्हणाली. “ह्यो काय ऊन अडवणार?”

“मावशी, याच्यात नुसती हवाच आहे. तीच अडवते.”

“हवा तर बाहेर पण हाय.”

निलेश हसला. मग त्यानं समजावून सांगितलं. भिंतीला बाहेरून ही पाटी चिकटवायची, खिळे मारायचे, वर जाळी आणि तिच्यावर प्लास्टर. पहिला इंच सगळ्यात जास्त अडवतो. दुसरा इंच त्यातून सुटलेलं बरंचसं अडवतो. तिसऱ्यानं फरक पडतो, पण माणसाला तो जाणवेलच असं नाही. “तुमची भिंत चार इंची, त्यात पश्चिमेची. मी म्हणेन दोन इंच करा. एकानं काम होईल, पण वैशाखात कमी पडेल.”

आईला ते एकदम पटलं. “म्हंजे गोधडीवानीच. एक घेतली तर झोप लागते, पर पहाटं गारठतं माणूस. दोन घ्याव्या.”

मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं होतं. किती जाड करायचं याचा निर्णय एवढा सोपा होता, गोधडीवर झाला. निलेश गेल्यावर आईनं दोन इंचाची पाटी ठेवून घेतली आणि उशीशी उभी करून तिला टेकून बसली. म्हणाली, “बघ, आत्ताच गार लागतंय.” लागत नव्हतं काही. तिला लागावंसं वाटत होतं.

घरपट्टी दादाच्या नावावर येते. बाहेरून भिंतीला हात लावायचा तर त्याला सांगायला हवं म्हणून मी फोन केला. तो म्हणाला, “थांब. काही करू नकोस. मी येतो.”

दादा, म्हणजे सुरेश, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पनवेलच्या पुढे फ्लॅट, वहिनी, कॉलेजातली मुलगी. तळोज्याला एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचा सगळा विभाग त्याच्या हाताखाली. माझं लग्न मोडून मी घरी परत आले तेव्हा सामान आणायला टेंपो घेऊन तोच आला होता, आणि पूर्ण रस्ताभर एकही प्रश्न न विचारता त्यानं मला घरी आणून सोडलं होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. तो वाईट माणूस असता तर मला पुढचं सांगणं सोपं गेलं असतं.

रविवारी तो आला. निलेशलाही त्यानंच बोलावून घेतलं होतं. भिंतीला आतून हात लावला, बाहेरून लावला, चटका बसला तसा झटकला. बंगल्याचं कुंपण आणि आपली भिंत यांच्यातली जागा टेपनं मोजली. मग खोलीत येऊन खुर्चीवर बसला. आई खाटेवर फणसाच्या आठळ्या सोलत होती. एका बाजूला परात, दुसऱ्या बाजूला सालींचा ढीग. मी चहा आणला.

“या दोन इंचाचं आयुष्य किती?” दादानं विचारलं.

निलेश म्हणाला, “साहेब, वरचं प्लास्टर सांभाळलंत तर वीस-पंचवीस वर्षं कुठं जात नाही.”

“वीस-पंचवीस वर्षं इथं राहतंय कोण?” दादानं चहाचा घोट घेतला. “आईचं वय बघता एक इंच पुरे.”

हे तो हळू आवाजात बोलला नाही. मोठ्यानंही नाही. आपण म्हणतो ना, दोघंच आहोत, पावशेर दूध पुरे, त्या आवाजात बोलला. खोलीत पंखा फिरत होता तो लाइट जाऊन तेवढ्यात थांबला, की मलाच तसं वाटलं, आता आठवत नाही. आईचे हात चालूच होते. फक्त तिनं सोललेली आठळी सालींच्या ढिगात टाकली आणि साल परातीत. मग आणखी एक तशीच. निलेश आपल्या नमुन्यांकडे बघत होता.

मी म्हटलं, “दादा, मी पण राहते इथं.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. खरंच सांगते, त्याला आश्चर्य वाटलं होतं. त्यानं वाईट चिंतलं नव्हतं, त्याच्या हिशेबात मी आलेच नव्हते. “अगं, तुझं काय,” तो म्हणाला, “तुझं कुठंही होईल.”

आईनं पहिल्यांदा मान वर केली. “एक तर एक,” ती म्हणाली. “तेवढा तरी लावा.” आणि निलेशकडे वळून, “चहा निवला रं तुझा. दुसरा देऊ का?”

निर्णय झाला. गोधडीवरून ठरला होता तो एका वाक्यात बदलला.

मागच्या अंगणात मी दादाला गाठलं. तो कापलेल्या फणसाच्या बुंध्याकडे बघत उभा होता. कुंपणाच्या जाळीतून तो दिसायचा, अजून चीक ओघळत असल्यासारखा काळपट.

“तिच्यासमोर बोलायची काय गरज होती?”

“काय बोललो?”

“वयाचं.”

“अगं, मग खोटं आहे का ते? मी रोज हेच करतो. कुठल्या पंपावर किती खर्च करायचा हे त्याचं उरलेलं आयुष्य बघून ठरवतात. त्यात राग येण्यासारखं काय आहे?”

“आई पंप नाही.”

“पंप असता तर मी विचारायला इथवर आलो नसतो,” तो म्हणाला, आणि थोडं हसला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढून टाकला.

बोललेलं वाक्य परत घेता येतं, असं म्हणतात. मला नाही वाटत. आणि ते परत घ्यायला मुळात त्याला ते बोललेलं कळायला हवं होतं. दवाखान्यात मी पाहते, घरचे लोक म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरून डॉक्टरांशी बोलत असतात. किती दिवस, किती महिने, आता करून काय उपयोग. आणि म्हातारं माणूस समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असतं. मी केसपेपरवर वय लिहिते तेव्हा आता माझा हात अडखळतो. तो आकडा किती ठिकाणी जाऊन काय काय ठरवणार आहे, मला माहीत असतं.

कामाला मात्र दादा स्वतः उभा राहिला. रजा काढली. पाट्या चिकटवल्या, मग गोल चकत्यांचे खिळे ठोकले, त्यामुळे भिंत कुंकवाच्या जागी निळ्या टिकल्या लावल्यासारखी दिसायला लागली. मग जाळी, मग प्लास्टर. तो उन्हात डोक्याला पंचा बांधून उभा, निलेशच्या माणसांना सांगतोय, कोपरा नीट भर, तिथून पाणी शिरेल. संध्याकाळी आईच्या खाटेजवळ खाली चटईवर झोपायचा. मी भांडी घासताना त्यांचं बोलणं ऐकू यायचं. नदीतल्या माशांच्या कालवणापर्यंत आणि बाबांच्या सायकलीपर्यंत जाऊन पोहोचायचे दोघं. आई हसायची. आणि मला राग यायचा, की हिला कसं हसू येतं. ज्यानं तुझी वर्षं मोजली त्याच्याशी तू कशी बोलतेस.

एक इंचानं काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. केलं. भिंत हाताला चटका देईनाशी झाली. आई पुन्हा तशी पडली नाही. पण निलेश म्हणाला होता तसंच, वैशाखाच्या शेवटी तो इंच कमी पडायला लागला. पहिला इंच सगळ्यात जास्त अडवतो, हे खरं. त्यातून जे सुटतं तेही ऊनच असतं, आणि ते एकाच माणसाच्या वाट्याला येतं. आई खाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घ्यायची, मग आणखी वीतभर. मृगाच्या तोंडाला ती जवळजवळ खोलीच्या मधोमध आली होती. तक्रार तिनं केली नाही. विचारलं तर म्हणायची, “झाडायला बरं पडतं.”

पाऊस आला, भिंत भिजली, आत एक थेंब आला नाही. कोपरे नीट भरले होते दादानं.

आणि त्याच वर्षी, भात कापणीला आलेलं असताना, वहिनीचा फोन आला. दादा कारखान्यात जेवण करून खुर्चीवर बसला होता तो बसूनच राहिला. शेजारच्या माणसाला वाटलं डोळा लागला. पन्नाशी ओलांडून त्याला फार दिवस झाले नव्हते.

आईला कसं सांगितलं ते मी लिहिणार नाही. ती रडली नाही लवकर. वऱ्हांड्यात बसून राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत राहिली, “माझं आधी व्हतं. माझं आधी व्हतं.”

लोकांना यात न्याय दिसेल. मला माहीत आहे, मी हे कोणालाही सांगितलं तर तो मनातल्या मनात म्हणेल, बघा, दुसऱ्याची वर्षं मोजायला गेला. मला त्यात न्याय दिसत नाही. मला दिसते ती वहिनी, एका महिन्यात केस पिकलेली. त्याची मुलगी, जी अजूनही त्याच्या फोनवर मेसेज टाकते. आणि माझा राग. तो दादाबरोबर गेला असता तर चाललं असतं. तो इथंच राहिला. जिवंत माणसावरचा राग भांडून संपवता येतो, निदान सणाला घरी न जाऊन दाखवता येतो. मेलेल्या माणसावर राग धरणाऱ्याला लोक वाईट म्हणतात, म्हणून तो आत ठेवावा लागतो आणि आतल्या आत तापत राहतो.

दादाच्या दिवसांना नातेवाईक आमच्याकडे जमले तेव्हा आईच्या खोलीत गर्दी होती. कोणीतरी विचारलं, सुरेश अलीकडे आला होता का? आईनं भिंत दाखवली. “ही त्यानं केली. वैशाखात. सोता उन्हात उभा राहून. मला ऊन लागू नये म्हनून.” एकेक जण उठून त्या भिंतीला हात लावायला लागला. आत्या, चुलत भाऊ, वहिनीचे वडील. देवळातल्या खांबाला लावावा तसा. “आईसाठी करून गेला हो,” आत्या म्हणाली आणि डोळे पुसले. “असा मुलगा मिळायला नशीब लागतं.” मी चहाचे कप गोळा करत होते. माझ्या घशाशी ते वाक्य आलं होतं, जसंच्या तसं, त्याच्या आवाजात. मी ते गिळलं. कप धुवायला गेले आणि नळ मोठा सोडून उभी राहिले.

तेव्हापासून ती दादाची भिंत. दूधवाल्याला माहीत आहे, घरोघरी तपासणीला येणाऱ्या आशाताईंना माहीत आहे. आईला पाणी मी देते, ओली चादर दारावर मी टाकते, दुपारी दवाखान्यातून दोनदा फोन करून ती उत्तर देते का ते मी बघते. त्याला कोणी हात लावून बघावं असं काही दिसत नाही.

मागचा उन्हाळा कसाबसा निघाला. यंदाचा निघेल असं वाटत नाही. बंगल्यावाल्यांनी आमच्या बाजूला राहिलेली एकुलती एक जांभूळही काढली, पानांनी तलाव घाण होतो म्हणून. काल हात लावल्यावर मी निलेशला फोन केला आणि आज सुट्टी होती म्हणून लगेच बोलावलं. आईला आधी सांगितलं नाही.

तो आला. थोडा जाड झालाय, गाडी घेतली आहे. भिंत बघून म्हणाला, “काम चांगलं टिकलंय. यावर आणखी एक इंच चढवता येईल. वरचं प्लास्टर तेवढं खरवडून काढावं लागेल.”

आई खाटेवरून म्हणाली, “खरवडायचं?”

“वरवरचंच, मावशी. मग नवीन मस्त करून देतो.”

“नको.”

मी म्हटलं, “आई, अगं वैशाख यायचाय अजून. मागच्या वर्षी तुला चक्कर आली होती.”

“येऊ दे. त्यानं केलंय तसं राहू दे.”

“आई,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “एक इंच का केला होता माहीत आहे ना तुला? काय म्हणाला होता तो?”

निलेश चप्पल घालायला लागला. आईनं त्याला हातानं थांबवलं.

“मी काय बहिरी हाय का?” ती म्हणाली. “हितंच बसले व्हते मी. त्याचा हिशोब चुकला. पर शेवटचा हात त्याचा हाय ह्या भिंतीला. त्याच्यावर मी दुसऱ्याचा हात लावून देनार नाय.”

मला म्हणायचं होतं, मग माझा हात? इतकी वर्षं या घरात जो फिरतोय तो? पण ते म्हणायचं म्हणजे तिच्यापुढं मेलेल्या मुलाशी बरोबरी करायची. त्यात कोण जिंकेल हे मला आधीच माहीत होतं. ती उन्हात बसेल, घेरी येऊन पडेल, मला मावशीच्या नावानं हाक मारेल, आणि मी तिला ओल्या चादरीत गुंडाळेन. तिनं तिची भिंत किती जाड ते ठरवून टाकलं.

माझा चेहरा तिला दिसला असावा. तिचा आवाज एकदम मऊ झाला. “ये गं हिकडं. रागावू नको,” ती म्हणाली. “पोरगा आलाय तर त्याला फुकट नको धाडू. तुझ्या खोलीला लावून घे. चांगला दोन इंच लाव. तुला अजून लय उन्हाळे काढायचेत हितं.”

तिनं ते मनापासून म्हटलं. तिच्याजवळ होतं ते तिनं मला देऊ केलं, आणि निलेशही खूश होऊन टेप उघडत म्हणाला, “दाखवा ताई, कुठली भिंत?”

मी मधल्या खोलीत झोपते. तिला बाहेरची भिंतच नाही.